सतरावा

रेशीम खात्याच्या यादीत माझं नाव कसं चढलं
ते साहेबालाच ठाऊक.
बारा दिवस चीनला राहून आलो
आणि आरमोरीच्या स्टँडवर पाय टेकतो न टेकतो
तर आधी कंडक्टर, मग पानठेलेवाला,
मग गावाच्या वळणावर लालाजी भानारकर,
म्हशी पुढं निघून गेल्या तरी तो उभाच:
"साप खाल्ला काय बे?"

समाजमंदिराच्या ओट्यावर रात्री दहापर्यंत सांगत बसलो.
काळं अंडं सांगितलं, राखेत मुरवलेलं,
आतून विहिरीच्या शेवाळासारखं.
कोंबडीचे पाय सांगितले, नखं काढलेले,
ताटात हात जोडून बसल्यासारखे.
थंडीनं दगड झालेली काळी नाशपाती,
पाण्यात भिजवून पोरं चोखतात ती.
सोमजी हसून हसून ठसकला.
त्याच्या घरी खेकडे उखळात कुटतात,
जांभळीवरच्या लाल मुंग्यांची चटणी त्याला भाताहून प्यारी;
पण ते जेवण,
आणि हे, शी!

एक गोष्ट मी ओट्यावर काढली नाही.

दान्दोंग नावाचं गाव, नदीकाठचा पहाटेचा बाजार.
थंडी अशी की प्रत्येकाचं बोलणं वाफेत दिसायचं,
कळायचं मात्र नाही.
दुभाष्या पोरगा मोबाइलमध्ये.
एका म्हातारीपुढं निळं प्लास्टिकचं घमेलं,
त्यात वळवळत होते
तपकिरी, अंगठ्याएवढे, कोसा फोडून काढलेले.

मी ओळखले.
परक्या स्टेशनवर गावचं माणूस दिसावं तसे.
ऐनाच्या झाडावर ज्यांची राखण करतो,
गोफण घेऊन, चाळीस-चाळीस दिवस,
ज्यांच्या अंगावरचा धागा उतरवला
की उरलेलं घरामागच्या खड्ड्यात, कावळ्यांना.
किती पाट्या ओतल्या असतील आजवर?
हिशोबाला बसलो, तिसऱ्याच वर्षी बोटं संपली.

एक उचलून तळहातावर जोखला.
मादी. डावीकडं ठेवली.
दुसरा नर. उजवीकडं.
म्हातारी बघत होती. तिसरा तिनंच घेतला,
उलटा करून शेपटाकडची रेघ पाहिली,
डावीकडं ठेवला.
बरोबर होतं.
गिऱ्हाईक खोळंबलं, आम्ही सोळा लावले.

सतराव्याला पटलं नाही.
ती तिच्या भाषेत भांडली, मी झाडीपट्टीतल्या.
शेवटी तिनं तोच काडीला खोचला,
निखाऱ्यावर फिरवला, तिखट भुरभुरलं
आणि माझ्या नाकापुढं धरला.

खाल्ला.
वरून भाजक्या हरभऱ्याचं साल,
आत ओल्या शेंगेचं दूध.
उलटी झाली नाही.
झाली असती तर ओट्यावर सांगायला सोपं गेलं असतं.
नर का मादी, ते काही जिभेला कळलं नाही.

आई परसात कोसे उकळत होती, तिला सांगितलं.
चुलीतलं लाकूड मागं ओढत ती म्हणाली,
"सोडा टाकाच्या आंधी काढा लागते.
नाईतर कडू लागते."

मी बघत राहिलो.

"आमी खात होतो ना.
तुया आज्याच्या राखणीवर, पानात गुंडाळून, राखेत.
मंग तू शाळेत जाऊ लागला,
पोरी पाहाले सोयरे येऊ लागले,
तुया बाप म्हने, आता नोको."

भांड्यातलं पाणी वर आलं, तिनं फुंकर मारून बसवलं.
"तिथं मीठ टाकतेत का?"
"तिखट."
"हं," म्हणाली,
म्हातारीचं तेवढं एक चुकलंच असं.

सकाळी लालाजी पुन्हा दारात.
"खरं सांग बे. साप?"
"खाल्ला," म्हणालो. "शेपटाकडून."
तो निवांत झाला, म्हशींमागं गेला.